एकही दिवस चुकला नाही

एकोणीस वर्षांत आपल्या वस्तऱ्याखाली कुणाचं रक्त निघालं नाही, असं गुलफराज सांगायचा आणि इस्लामाबादच्या सितारा मार्केटात ते सगळ्यांना मान्य होतं. त्याचं दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी भिंतीला लावलेला एक बाक. पहिली खुर्ची त्याची. दुसरी बशारतची. बशारत पगारी कारागीर. त्याच्या तोंडाला विश्रांती नसे, हाताला मात्र बरीच असे. डाव्या हाताला प्लायवुडचं पार्टिशन होतं आणि त्यापलीकडे अकील दर्जीचं दुकान. अकीलच्या शिलाई मशीनचा आवाज दिवसभर इकडे यायचा, आणि इकडच्या गप्पा तिकडे जायच्या. कधीकधी गिऱ्हाइकाने इकडे विनोद केला की हसू तिकडून यायचं.

गुलफराज आणि अकील दोघेही गुजरखानजवळच्या एकाच गावचे. एकाच वर्षी दोघांनी दुकानं घेतली. लग्नंही मागेपुढे झाली. आणि दुखणंही दोघांना एकच. फेब्रुवारी सरता सरता शहरभरच्या जंगली तुतीला झुबके लागतात, वारा सुटला की त्यांची पिवळी भुकटी उडते, आणि मग दीड महिना निम्मं शहर नाक धरून चालतं. टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी पोलनचा, म्हणजे हवेतल्या परागकणांचा, आकडा सांगतात. लोक तो ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन एकमेकांना पुन्हा सांगतात.

गुलफराजला शिंका यायच्या त्या एकदोन नव्हे, ओळीने सात-आठ. डोळे लाल व्हायचे, नाकाचं टोक सोललं जायचं. अकीलचं प्रकरण जरा खोल होतं. त्याची छातीही धरायची. पण अकील सरळ शिलाईचा माणूस. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरने नाकात मारायचा स्प्रे आणि छातीचा पंप लिहून दिला, तेव्हापासून ती दोन्ही औषधं त्याने मशीनच्या तेलाच्या बाटलीशेजारी ठेवली. सकाळी दुकान उघडलं की आधी मशीनला तेल, मग नाकात स्प्रे, मग पंप, मग गुळण्या. तीन वसंत त्याने असे बरे काढले.

"तू पण घे," तो गुलफराजला म्हणायचा.

"घेईन रे."

त्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर अकीलनेच त्याला ओढत पोलन कॅम्पात नेलं. सरकारी दवाखान्याच्या आवारात शामियाना टाकून कॅम्प लावला होता. तिथे डॉक्टर सुंबुल नावाची एक तरुण बाई बसली होती. चष्मा डोक्यावर, हातात कागदांचा गठ्ठा. ती औषध देत होतीच, शिवाय अभ्यासही करत होती. नाकाची ॲलर्जी असलेली मोठी माणसं औषध किती नेमाने घेतात, एवढंच तिला शोधायचं होतं. गुलफराजला तिने रोज सकाळचा स्प्रे दिला, रोज रात्रीची एक गोळी दिली, आणि अठ्ठावीस चौकटींचं एक पिवळं कार्ड दिलं.

"औषध घेतलं त्या दिवशी खूण करा," ती म्हणाली. "नाही घेतलं तर चौकट रिकामी सोडा. रिकामी चौकट मला चालते, उस्तादजी. मला फक्त खरं काय ते हवंय."

"जी, बिलकुल," गुलफराज म्हणाला. त्याला फार बरं वाटलं. एवढी शिकलेली बाई आपल्याला उस्तादजी म्हणते, आणि आपल्या नाकावर अभ्यास करते.

सहा दिवस त्याने स्प्रे मारला. बाटली हलवायची, डोकं जरा खाली, टोक नाकाच्या बाहेरच्या बाजूला. सगळं डॉक्टरसाहेबांनी दाखवलं तसं. सहा दिवस नाक स्वच्छ होतं. तेव्हा झुबके अजून फुटलेच नव्हते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सातव्या दिवशी एका लग्नाची वरात सकाळीच दुकानात शिरली. नवरा, तीन भाऊ, दोन मेहुणे. स्प्रे राहिला. आठव्या दिवशी आठवण झाली ती दुपारी, आणि तेव्हा वाटलं की सकाळचं औषध दुपारी कशाला, उद्यापासून नीट घेऊ. नवव्या दिवशी बाटली खणात कंगव्यांच्या मागे गेली. गोळीने तर सकाळी हात जड व्हायचा, आणि जड हाताने वस्तरा धरायचा म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. हे डॉक्टरला सांगितलं असतं तर तिने दुसरी गोळी दिली असती. पण तो गेलाच नाही.

घरी त्याची बायको तस्लीम रोज रात्री बशीत गोळी आणि शेजारी दुधाचा पेला ठेवायची. तो दूध प्यायचा आणि गोळी कमीजच्या बाजूच्या खिशात टाकायचा.

अठ्ठावीस दिवस भरले तेव्हा कार्ड परत न्यायचं होतं. त्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. गुलफराजने कार्ड गल्ल्यावर ठेवलं आणि पहिल्या सहा खुणांच्या पुढे बावीस खुणा केल्या. त्याने ते काम बेफिकिरीने केलं असतं तर एक वेळ ठीक होतं. त्याने ते मन लावून केलं. काही खुणा बारीक, काही तिरप्या, चार निळ्या पेनाने आणि बाकी काळ्या. मधल्या एका चौकटीवर त्याने चहाचा थेंबही पडू दिला. बशारत दुसऱ्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. त्याने आरशातून सगळं पाहिलं आणि मग मोबाइलमध्ये डोकं घातलं.

डॉक्टर सुंबुलने कार्ड पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "एकही नाही चुकला?"

"एकही नाही."

"सगळे तुमच्यासारखे असते ना," ती म्हणाली. मग त्याचं सोललेलं नाक बघून ती जरा विचारात पडली, आणि तिने त्याला नवी बाटली दिली.

त्यानंतर चारपाच दिवसांनी सुभेदार लहरासब दाढीला आले. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती, तरी ते खुर्चीत ताठ बसत. त्या दिवशी बाहेर वारा होता, बाजारातल्या गाड्यांच्या काचांवर पिवळा थर होता. गुलफराजने फेस लावला, उजवी बाजू उतरवली, डाव्या बाजूला आला, आणि त्याला शिंक आली. त्याने हात मागे घेतला, पण पूर्ण नाही घेता आला. दुसऱ्या शिंकेला वस्तरा सुभेदारांच्या कानाच्या पाळीत गेला.

रक्त फेसावर उतरलं. बशारतच्या हातातली कात्री थांबली. सुभेदार हलले नाहीत. गुलफराजने तुरटी लावली, कापूस लावला, माफी मागितली, पुन्हा तुरटी लावली. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"नाकाचं काही करतोस की नाही, लेका?" सुभेदारांनी आरशातून विचारलं.

बाकावर पाच माणसं बसली होती. अकीलही होता, चहाची प्याली घेऊन. सगळे बघत होते. त्या वेळी गुलफराजने "करतो, पण नेमाने नाही" एवढं म्हटलं असतं तर सुभेदारांनी एक शिवी हासडली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

"करतो ना, साहेब. कॅम्पातलं औषध चालू आहे."

"रोज?"

"रोज. एकही दिवस चुकला नाही. खुदा कसम."

"मग एवढ्या शिंका कशा रे?" अकीलने बाकावरून विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला खरंच नवल वाटलं होतं. "मला तर नाही येत."

आता मागे फिरायला जागा नव्हती. "औषधात दमच नाही," गुलफराज म्हणाला. "महिनाभर मारतोय मी नाकात. पाणी आहे नुसतं. कॅम्पवाले वाटतात, आपण घेतो."

"पण मला गुण येतो यार."

"तुला औषधाचा गुण नाही येत. तू दिवसभर आत बसतोस, पंखा बंद करून. माझं दार सतत उघडं. तू औषध नाही घेतलंस तरी तुला काही व्हायचं नाही."

बाकावरच्या एकाने मान हलवली. म्हणाला, त्याच्या मेहुण्याचंही असंच झालं होतं. दुसरा म्हणाला, त्या स्प्रेत स्टिरॉइड असतं, पैलवान घेतात ते. मग गाडी पैलवानांवर गेली. चहा संपवून अकील पलीकडे गेला आणि मशीन सुरू झालं.

बाजारात न्हाव्याचा शब्द लांब जातो. एका दाढीत तो ऐकला जातो आणि पुढच्या चार दुकानांत सांगितला जातो. पण गुलफराजने तेवढा विचार केला नाही. गिऱ्हाइकांसमोर लाज राखली, याचाच त्याला दिवसभर सुटकेचा आनंद होता.

दहा दिवस गेले. अकीलकडे शेरवान्यांची घाई होती, त्यामुळे दोघांचं फार बोलणं झालं नाही. पार्टिशनपलीकडून खोकला ऐकू यायचा, तो मार्चमध्ये कुणाचाही ऐकू येतो. अकराव्या दिवशी दुपारी बशारत हातातला टॉवेल झटकता झटकता थांबला.

"अकीलभाईचं मशीन बंद का आहे?"

"जेवत असेल."

"डबा इथे आहे." अकीलचा डबा त्यांच्याच शेगडीवर गरम व्हायला ठेवलेला होता.

गुलफराज पलीकडे गेला. अकील कापायच्या टेबलाला दोन्ही हात टेकून उभा होता, खांदे कानापर्यंत वर आलेले. तोंड उघडं होतं आणि त्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. समोर पांढरं कापड पसरलेलं होतं, त्यावर खडूच्या रेघा होत्या, आणि त्याच्या कपाळावरचा घाम त्या रेघांवर पडत होता. त्याने गुलफराजकडे पाहिलं आणि बोलायचा प्रयत्न केला. एक अक्षर निघालं नाही.

"पंप कुठाय?" गुलफराज ओरडला. तेलाच्या बाटलीशेजारी पंप नव्हता. तो नंतर सापडला, घरच्या कपाटात, रिकाम्या रिळांच्या डब्यात, नीट ठेवून दिलेला.

गुलफराज आणि बशारतने त्याला दोन्ही बाजूंनी धरून सुझुकी टॅक्सीत घातलं. दवाखान्यात पोलनच्या वॉर्डात दोन रांगा होत्या, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क आणि मास्कमधून औषधाची वाफ. अकीलला खाटेवर बसवलं, सुई लावली, मास्क लावला. अर्ध्या तासाने त्याच्या ओठांचा निळेपणा उतरला. तोवर त्याची बायको नाहीद धावत आली होती, एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. तिने नवऱ्याला पाहिलं आणि मग गुलफराजचे दोन्ही हात धरले.

"भाईजान, तुम्ही नसता तर काय झालं असतं," ती म्हणाली. "अल्ला तुमच्या लेकरांना सुखी ठेवो."

गुलफराजने हात सोडवून घेतले नाहीत. सोडवून घ्यावेत असं त्याला फार वाटत होतं.

डॉक्टर सुंबुल त्या दिवशी वॉर्डात होती. अकीलचे जुने कागद पाहून ती म्हणाली, "तुमचं तर तीन वर्षं छान चाललं होतं. औषध बंद केलंत का?"

अकीलने मान हलवली.

"केव्हापासून?"

त्याने दहा बोटं दाखवली.

"का पण?"

अकीलने मास्क जरा वर केला. श्वास घेत घेत, तुकड्यातुकड्याने तो बोलला. "याने... महिनाभर घेतलं... रोज. याला... काही फरक नाही." आणि त्याने गुलफराजकडे बोट केलं. त्या बोटात आरोप नव्हता. कुणी एखाद्या जाणत्या माणसाचा हवाला द्यावा तसं ते बोट होतं.

डॉक्टरने वळून पाहिलं. "अरे, उस्तादजी! तुमचं कार्ड माझ्या चांगलं लक्षात आहे." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "त्या कार्डाने मला झोप नाही लागू दिली. अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस, आणि तरी तुम्हाला गुण नाही. मी आमच्या प्रोफेसरांनाही दाखवलं. खरं सांगा, रोज घेतलंत?"

तीन माणसं त्याच्याकडे बघत होती. डॉक्टर, नाहीद, आणि मास्कच्या वरून अकीलचे डोळे. अकील आजारी होता आणि खोटं त्याच्या छातीत जाऊन बसलं होतं, हे गुलफराजला तेव्हा अगदी स्वच्छ कळत होतं. पुढे कितीतरी महिने तो स्वतःला हेच विचारत राहिला, की कळत होतं तर जीभ का वळली नाही.

"हो जी," तो म्हणाला. "रोज."

डॉक्टरने सुस्कारा टाकला. "मग तुम्हाला जास्त जोराचं द्यावं लागेल." तिने तीन दिवसांच्या वेगळ्या गोळ्या लिहिल्या, पुढच्या आठवड्यात तपासणीला बोलावलं, आणि अकीलला म्हणाली, "एखाद्याला लागू पडत नाही म्हणून तुम्ही सोडायचं नसतं, समजलं?"

गुलफराज आवारातल्या नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला. शेजारी बशारत उभा होता. इतर वेळी त्याला गप्प बसवावं लागायचं.

"बोल ना," गुलफराज म्हणाला.

"मी काय बोलू, उस्ताद. मी पगारी माणूस." आणि मग थोड्या वेळाने, "बाटली खणात आहे. कंगव्यांच्या मागे. दुसरी तर उघडलेलीही नाही."

अकीलला दवाखान्यात ठेवून घेतलं. गुलफराजने डॉक्टरने दिलेल्या जोराच्या गोळ्या मात्र नेमाने घेतल्या. न घेतलेल्या औषधाची ही शिक्षा आहे, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. पहिल्या संध्याकाळी दोन, दुसऱ्या सकाळी दोन. दुसऱ्या दिवशी तो जेवायला घरी आला तेव्हा तस्लीम मोरीत कपडे धूत होती.

"आज हॉस्पिटलात नाहीद भेटली," ती पाठमोरीच म्हणाली. "रडत होती. म्हणाली, भाईजान एवढं नेमाने औषध घेतात आणि त्यांनाही गुण नाही, आमच्या नशिबात काय आहे."

गुलफराजने भाकरीचा तुकडा मोडला.

"मी काय बोलणार? मी हो म्हटलं." तिने त्याची कमीज बादलीतून काढली, बाजूचा खिसा उलटा केला आणि त्याच्यासमोर धरला. खिशाच्या शिवणीत पांढरा लगदा अडकला होता. "एक महिना झाला, हा लगदा मी नखाने काढते. पहिल्या दिवशी वाटलं, चुकून राहिली असेल. मग मुद्दाम बघायला लागले."

"मग बोललीस का नाहीस?"

"काय बोलू? पन्नाशीला आलेल्या माणसाला, गोळी गिळली का दाखवा, जीभ बाहेर काढा, असं म्हणू? आपल्या हारिसला म्हणत होते मी तसं, तो चार वर्षांचा होता तेव्हा." तिने कमीज पिळली. "मला लाज वाटली, हारिसचे अब्बा. तुमची लाज तुम्हाला वाटत नव्हती, म्हणून मलाच वाटली."

गुलफराजचा घास तोंडात फिरत होता.

"आता नाहीदला कोण सांगणार, तुम्ही की मी? मी सांगितलं तर ती माझ्याशी बोलेल पुढेमागे. तुमच्याशी नाही."

तिसऱ्या दिवशी अकीलला घरी सोडलं. गुलफराज किन्नू संत्र्यांची पिशवी घेऊन त्याच्या क्वार्टरवर गेला. हंगाम संपत आला होता, फळं सुरकुतलेली होती, तरी त्याने ती निवडून घेतली होती. अकील खाटेवर उशीला टेकून बसला होता. डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली. पंप उशीशी होता.

"काय दर्जीसाहेब," गुलफराज म्हणाला, "नर्सेसची मापं घेऊन आलास का?"

अकील हसला, आणि हसता हसता खोकला. नाहीदने पाणी दिलं. चहा टाकते म्हणून ती आत वळली.

"भाभी, थांबा जरा," गुलफराज म्हणाला. "दोघांनाही सांगायचंय."

त्याने वाटभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "मी औषध घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "सहा दिवस घेतलं. पुढे नाही. कार्डावरच्या खुणा मी एका बैठकीत केल्या. त्या दिवशी दुकानात कसम खाल्ली ती खोटी. डॉक्टरणीलाही खोटं बोललो, तुझ्यासमोर."

नाहीद दारातच उभी होती. आत स्टोव्हचा आवाज येत होता.

अकीलने उशीजवळचा पंप हातात घेतला. मग विचारलं, "का?"

हा प्रश्न येणार हे गुलफराजला माहीत होतं. त्यावर द्यायला काहीतरी असावं म्हणून त्याने दोन दिवस डोकं खाजवलं होतं. गोळीने हात जड होतो, हे खरं होतं, पण स्प्रेचं काय? स्टिरॉइडची भीती त्याला कधी वाटलीच नव्हती. औषध फुकट होतं, खणात होतं, हाताच्या अंतरावर होतं.

"विसरलो," तो म्हणाला. "मग वाटलं, उद्यापासून घेऊ."

"एवढंच?"

"एवढंच."

"मी मरत होतो, गुलफराज," अकील म्हणाला. तो रागावलाही नव्हता. एखादं माप नोंदवून घ्यावं तसं म्हणाला. "टेबलाला धरून उभा होतो तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं माहितेय? औषध घेऊन तरी काय झालं असतं, गुलफराजला कुठे लागू पडलं. तेवढाच धीर होता मला."

गुलफराजची मान वर होईना. फरशीवर एक तुटलेलं बटण पडलं होतं, तो त्याच्याकडे बघत राहिला.

नाहीद पुढे आली. तिने किन्नूंची पिशवी उचलली आणि त्याच्या हातात परत दिली. "भाईजान," ती म्हणाली, आणि मग तिला तो शब्द नको झाला असावा, कारण ती थांबली. "मी तुमच्या लेकरांना दुवा दिली होती. ती परत घेणार नाही, लेकरांनी काही केलेलं नाही. पण आता तुम्ही जा. यांना बोलून दम लागतो."

चहा झाला नाही.

त्याच दुपारी तो डॉक्टर सुंबुलकडे गेला. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच.

"मी दिलेल्या त्या जोराच्या गोळ्या, किती घेतल्यात?"

"सगळ्या. आज संपतील."

"त्या तुम्हाला लागतच नव्हत्या." तिने फायलीतून पिवळं कार्ड काढलं, चहाच्या डागावरून एकदा बोट फिरवलं. "नक्की किती दिवस घेतलं होतं?"

"सहा. नाही, बहुतेक सहा."

"बहुतेक," ती म्हणाली. तिने कार्डावर आडवी रेघ मारली. "तुमचं नाव अभ्यासातून काढावं लागेल."

"डॉक्टरसाहेब, आता खरं सांगतोय ना. ते लिहून घ्या. तुम्हीच म्हणाला होतात, रिकामी चौकट चालते."

"तेव्हा चालली असती," ती म्हणाली. "आता तुमची रिकामीही खरी आहे की नाही, मला कसं कळणार?" मग तिने हात जड न करणारी दुसरी गोळी लिहून दिली, स्प्रे कसा मारायचा ते पुन्हा एकदा दाखवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. शामियान्यातून बाहेर येताना गुलफराजची कानशिलं तापली होती. शाळेतून नाव कमी झालेल्या पोरासारखा तो कडेकडेने चालत होता.

उरली ती कसम. ती त्याने सुभेदारांच्या कानाशी खाल्ली होती, तेव्हा मोडायचीही तिथेच. पुढच्या जुम्याला सुभेदार आले, खुर्चीत ताठ बसले. पाळीवरची खपली अजून होती. बाकावर माणसं होती. गुलफराजने फेस लावला, वस्तरा उघडला आणि म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो होतो."

"आधी वस्तरा खाली ठेव," सुभेदार म्हणाले. "मग बोल."

त्याने वस्तरा ठेवला आणि सगळं सांगितलं. बाकावरच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. ज्याने त्या दिवशी मेहुण्याचा दाखला दिला होता तो माणूसही तिथे होता. त्याने हळूच विचारलं, "म्हणजे औषध चालतं?" गुलफराज म्हणाला, "अकीलला तीन वर्षं चाललं. माझं मला माहीत नाही. मी घेतलंच नाही."

सुभेदारांनी डोळे मिटले. "उतरव दाढी," ते म्हणाले. उठताना त्यांनी नेहमीसारखे पैसे ठेवले आणि दारात थांबून म्हणाले, "कान फाटला त्याचं काही नाही. पलटणीत जास्त फाटलंय. पण कसम खायला माझी दाढीच मिळाली होती तुला?"

बाजाराने पुढचे कितीतरी महिने हे चघळलं. "उस्ताद, कल्ले सारखे आलेत ना?" कुणी विचारायचं, आणि दुसरा लगेच म्हणायचा, "आलेत, खुदा कसम." भाजीवाला वांगी देताना म्हणायचा, "एकही किडकं नाही, खुदा कसम," आणि डोळा मारायचा. गुलफराज हसायचा. हसला नसता तर आणखी वाढलं असतं. त्याला खरं लागायचं ते वेगळंच. पूर्वी कुणाच्या पोराचा खोकला असो, घराचा व्यवहार असो, लोक दाढी करता करता त्याला विचारत. आता ते आरशात बघून गप्प बसत, नाहीतर बशारतला विचारत. आणि बशारत, ज्याला काही म्हणता काही माहीत नव्हतं, तो ऐटीत सल्ले देई.

एप्रिलच्या मध्यावर झुबके गळून गेले. अकील दुकानात आला, मशीन सुरू झालं. तो सलाम करायचा, डबा त्यांच्याच शेगडीवर ठेवायचा. मेमध्ये केस कापायला आला, तेव्हा गुलफराजची खुर्ची रिकामी होती. गुलफराजने टॉवेल झटकला. अकील त्याच्या शेजारून गेला आणि बशारतच्या खुर्चीत बसला.

बशारत कापायचा वाकडं. अकीलच्या उजव्या कानावर दर महिन्याला एक पायरी दिसायची. गुलफराजला ती दिवसभर दिसत राहायची आणि काही बोलता यायचं नाही. तस्लीमने ईदला नाहीदकडे शेवयांची वाटी पाठवली. वाटी रिकामी परत आली नाही, त्यात खजूर होते. पण नाहीद आली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत गुलफराजने पहिल्या तारखेपासून औषध सुरू केलं. आता तो फार नेमाचा झाला असं म्हणता येणार नाही. लग्नाच्या दिवसांत चुकायचं, पाहुणे आले की चुकायचं. फरक एवढाच, की चुकलं की तो तस्लीमला सांगायचा, आणि सांगताना मान खाली घालायचा. ती "हं" म्हणायची आणि उरलेल्या गोळ्या मोजायला जायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बशारत भावाच्या लग्नासाठी गावी गेला. त्या दिवशी संध्याकाळी अकील दारात आला. त्याला दुसऱ्या दिवशी एका शेरवानीच्या मापासाठी कुणा बड्या माणसाच्या बंगल्यावर जायचं होतं, आणि कानावरची पायरी बोटभर झाली होती. तो क्षणभर दुसऱ्या खुर्चीकडे बघत उभा राहिला. मग येऊन पहिल्या खुर्चीत बसला.

गुलफराजने त्याच्या गळ्याभोवती चादर बांधली. त्याने कात्री दोनदा हवेत चालवली.

"घेतोयस?" अकीलने आरशातून विचारलं.

"घेतोय. या महिन्यात तीन दिवस चुकले."

"कुठले?"

"दोन तारीख. सहा. आणि काल."

अकीलने आरशातून त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग डोळे मिटले आणि मान सैल सोडली.

"मिशीला हात लावू नकोस," तो म्हणाला.